भाताच्या बियाण्यातील पोथी

मावळ ही भाताची भूमी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ व आय. आर. ८ यांच्या संकरातून १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ आज घरोघरी शिजतो. लोणावळ्याहून बोरघाट उतरला की कर्जतचे भात संशोधन केंद्र लागते. तेथून १९९८ साली ‘सह्याद्री’ हे संकरित भात बाहेर पडले. इंद्रायणीचे बी कणगीत राखून पुढील वर्षी पेरता येते; सह्याद्रीचे मात्र दरवर्षी नवे घ्यावे लागते. असे का, हे वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. तेव्हा संकर घडवावयाचा तर मातृजातीचे पराग वांझ हवेत. असे एक रानटी रोप चीनमधील हैनान बेटावर १९७० साली सापडले. सह्याद्रीच्या मातृजातीस वांझपणाचा हा वारसा तेथूनच लाभला आहे. हा गुण पेशीतील तंतुकणिकांत असतो. अन्नातून शक्ती काढणाऱ्या या सूक्ष्म घटकांपाशी डीएनएची स्वतंत्र पोथी असते, आणि भातात ती मातेकडूनच येते.

पोथीचे पान फाटले असता लेखनिक दुसऱ्या प्रतीवरून मजकूर उतरून घेतो. वनस्पतींच्या तंतुकणिकाही तुटलेला धागा तसाच दुसरा पाहून सांधतात. म्हणूनच त्यांच्या जनुकांतील अक्षरे क्वचितच बदलतात. परंतु एकच शब्द ग्रंथात दोन ठिकाणी आला असेल, तर लेखनिकाची दृष्टी भलतीकडे जाते व दोन श्लोकांचे तुकडे जुळून तिसराच श्लोक होतो. एम.एस.एच. १ नावाचे जनुक अशा प्रमादांस आळा घालते. तथापि काही निसटतातच. भातातील वांझपणाचे हे जनुक अशाच तुकड्यांच्या जोडणीतून बनल्याचे चिनी संशोधकांनी २०१३ साली दाखविले.

पितृजातीकडील जनुके हा दोष झाकतात, म्हणून संकरित पीक दाण्यांनी भरते. त्याचेच बी राखून पेरल्यास मात्र काही रोपांस ते झाकण लाभत नाही व त्यांच्या लोंब्या पोचट राहतात; उरलेलीही एकसारखी निपजत नाहीत. सबब ज्यांची मावळात खाचरे आहेत, त्यांनी कणगीतील बी सरळ वाणाचे की संकरित, याची खातरजमा पेरणीपूर्वीच करावी. पोथीतील प्रमाद डोळ्यांस दिसत नाही. तो दिसतो तेव्हा वर्षाचे कष्ट वाया गेलेले असतात.