सुपारीबागेतील एक अर्ज

अर्ज हा मराठी गद्यातील एक उपेक्षित प्रकार आहे, असे माझे फार दिवसांचे मत आहे. बखरींवर, पोवाड्यांवर, निबंधांवर विद्वानांनी ग्रंथ लिहिले; परंतु ज्या कागदात एखादा दुर्बळ इसम बलवानापुढे उभा राहून, शक्य तितक्या नम्रपणे आणि शक्य तितक्या थोडक्यात, आपल्याला नेमके काय हवे आहे ते सांगतो, त्या कागदाकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची गरज कोणाला भासली नाही. तगाईचे, सुटीचे, वहिवाटीचे, पाण्याच्या पाळीचे असे अर्ज वाचण्याचा मला जुना नाद आहे. त्या नादापायीच, १८८४ सालच्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत भरलेल्या गिरणी कामगारांच्या सभांतून जो अर्ज निघाला, त्याच्याशी माझी गाठ पडली, आणि ती पुढे सुटली नाही.

पार्श्वभूमी वाचकांस ठाऊक आहे. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिल्या गिरणीचा उपक्रम केला, १८५६ मध्ये तिचे साचे फिरू लागले, आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत भायखळ्यापासून परळपर्यंत धुराड्यांचे रान माजले. रत्नागिरीकडून बोटीने आणि घाटावरून पायी किंवा रेल्वेने माणसे येत राहिली. १८७५ साली गिरणीमालकांनी आपला संघ स्थापन केला. त्याच साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी एक मंडळ नेमले, आणि त्या मंडळात मालकांचाच भरणा असल्यामुळे कायद्याची जरुरी नाही असा बहुमताचा निर्वाळा मिळाला. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थाने स्वजनांचा रोष पत्करून हा विषय धसास लावला नसता, तर १८८१ चा पहिला कारखाना-कायदाही इतक्या लवकर झाला नसता. तो झाला, तोही कसा? सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढेच त्याचे सार. मोठ्या माणसांविषयी आणि बायकांविषयी त्यात एक अक्षर नव्हते.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे हा मनुष्य पुढे येतो. १८४८ चा जन्म, बालपण ठाण्यात, जातीने माळी, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आधी रेल्वे आणि टपाल खात्यांत कारकुनी व नंतर एका गिरणीत स्टोअरकीपरची जागा. गिरणीच्या आतल्या व्यवहाराचे त्याचे ज्ञान हे असे हिशेबाच्या वहीतून आलेले होते. साच्यावर उभे राहणाऱ्या मजुराचे दुःख त्याने पाहिले ते हजेरीपत्रकाच्या अंगाने, आणि त्याच्या अर्जाचे बळ मला तेथेच दिसते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ च्या प्रारंभी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या विचाराचे पत्र १८८० मध्ये लोखंड्यांनी मुंबईत आणले व मरेपर्यंत चालविले.

हा मनुष्य बंडखोर नव्हता, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे, कारण त्याच्या स्मारकांवरून तसा समज होतो. १८८३ च्या सुमारास जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’त छापून लोखंडे थबकले; पुढचा मजकूर छापण्याचे धैर्य त्यांस झाले नाही. गुरूला हे लागले, आणि आपली नाराजी जोतीरावांनी झाकूनही ठेवली नाही. आमच्याकडे थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना अशी भांडणे गाळण्याची पद्धत आहे. परंतु हे भांडण गाळले तर सुपारीबागेतला अर्ज कळत नाही. सरकारला डिवचणारा शब्द छापण्यास जो भीत होता, तोच मनुष्य सरकारच्या चौकशी-मंडळापुढे कोणता शब्द चालेल हे सर्वांत अचूक ओळखून होता. जोतीरावांच्या हाती असूड शोभत होता. लोखंडे हे जन्मजात अर्जनवीस होते.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने दुसरे चौकशी-मंडळ नेमले. त्यापुढे आपले म्हणणे मांडण्यासाठी २३ आणि २६ सप्टेंबरला सुपारीबागेत सभा झाल्या, आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सिद्ध झाला. त्यातील मागण्या पाच. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत चुकता व्हावा. आणि कामावर गंभीर इजा झालेल्या मजुरास बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, तो जन्माचा पंगू झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी.

या कागदाच्या प्रथमवाचनी माझे लक्ष गेले ते त्यात नसलेल्या गोष्टीकडे. पगार वाढवा, असे साडेपाच हजार माणसांनी कोठेही म्हटलेले नाही. दहा तासांचा दिवस मागितलेला नाही; सूर्यास्त मागितला आहे, म्हणजे उन्हाळ्यात बारा तासांहून अधिक काम करण्याची तयारी दाखविली आहे. चौथ्या कलमात तर केवळ आपलीच कमावलेली रक्कम, आणि तीही महिना भरल्यानंतर पंधरा दिवसांनी का होईना, हाती पडावी एवढीच विनंती आहे.

हे चौथे कलम सर्वांत कोरडे दिसते, आणि मला ते सर्वांत बोलके वाटते. महिना भरला की पगार होई असे नव्हे. तो पुढच्या महिन्यात कितीतरी दिवस मालकाच्या तिजोरीत राही. तोपर्यंत मजुराने खावे काय? वाण्याच्या दुकानी खाते, खाणावळीत खाते, आणि ती दोन्ही तुंबली म्हणजे रुपयामागे महिना आणा व्याजाने सावकार. बाजारात कोणता धनी स्वस्त आणि कोणता महाग याची त्या मजुराला पारख नव्हती असे नाही. पण गिरणी सोडावी तर अडकलेला पगार बुडतो, जॉबरची, म्हणजे मजूर भरती करणाऱ्या मुकादमाची, मर्जी जाते, आणि दुसऱ्या गिरणीत शिरायचे म्हणजे तेथल्या जॉबरला पुन्हा दस्तुरी मोजावी लागते. अशा रीतीने सबंध गिरणगाव दर महिन्याला आपल्याच मालकांस बिनव्याजी कर्ज देत होते, आणि त्याच रकमेच्या अभावी स्वतः व्याजाने कर्ज काढीत होते. याला कोणी लूट म्हटले नाही. ती व्यवहाराची रीत होती.

आता दुसऱ्या बाजूची रीत पाहावी. मुंबईच्या बहुतेक गिरण्यांचा कारभार त्या काळी मॅनेजिंग एजंटांकडे असे, आणि पुष्कळ ठिकाणी एजंटाचे कमिशन नफ्यावर ठरलेले नसून तयार होणाऱ्या मालावर ठरलेले असे: रत्तलामागे, म्हणजे पौंडामागे, पाव आणा. भागीदारांस नफा होवो वा तोटा, एजंटाचा पाव आणा पक्का. दहा लाख रत्तल सूत काढणाऱ्या गिरणीत हे कमिशन १५,६२५ रुपये होते. महिना दहा रुपयांची मजुरी धरली तर १३० मजुरांची वर्षाची कमाई. या एका तपशिलाने रविवारच्या सुटीचा वाद मला जितका उलगडला, तितका कोणत्याही भाषणाने उलगडला नाही. ज्याला मोबदला रत्तलावर मिळतो, त्याला साचा थांबलेला कसा पाहवेल? विश्रांतीचा प्रत्येक अर्धा तास त्याच्या खिशातून जात होता. रविवारी गिरणी बंद ठेवली तरी साचे पुसायला मजुरांना बोलावून त्यांचा निम्मा दिवस खाल्ला जाई, हेही याच हिशेबात बसते. जमशेटजी टाटांसारख्या काहींनी कमिशन नफ्यावर ठरविण्याचा पायंडा पाडला, हे त्यांच्या नावे मांडले पाहिजे.

परंतु मालकांनी आपली बाजू मांडताना पाव आण्याचा उल्लेख केला नाही; त्यांनी देशाचे नाव घेतले. कारखाना-कायद्याची ओरड लँकेशायरच्या पोटदुखीतून निघाली आहे, मुंबईच्या गिरण्यांची वाढ खुंटवावी हा तिचा अंतःस्थ हेतू आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता, हीच त्यातली खोच आहे. मँचेस्टरच्या दडपणाखाली १८८२ साली कापडावरील आयात-जकात उठविली गेली होती, त्याच वर्षी विलायतेतून मीड किंग नावाचा कारखाना-निरीक्षक मुंबईत तपासणीसाठी आला होता. जकातीचा घाव ताजा असताना कायद्याची दया संशयास्पद वाटणे स्वाभाविक होते. म्हणून देशातील राष्ट्रीय विचाराची बहुतेक पत्रे, पुण्यातील पत्रेसुद्धा, मालकांच्या बाजूने उभी राहिली. कलकत्त्याच्या ‘अमृतबाजार पत्रिके’ने तर १८७५ मध्येच लिहून टाकले होते की, हा उगवता धंदा कोसळण्यापेक्षा मजुरांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले पुरवले. मरण दुसऱ्याचे असले म्हणजे देशभक्तीला केवढे औदार्य येते, याचा याहून स्वच्छ नमुना माझ्या पाहण्यात नाही.

लोखंड्यांना हे किती झोंबले असेल! कोल्हापूर संस्थानच्या दिवाणाच्या बदनामीच्या प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांच्यावर खटला झाला, तेव्हा जामिनासाठी दहा हजार रुपये उभे केले ते रामशेठ उरवणे या सत्यशोधकाने, आणि शिक्षा भोगून ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले तेव्हा त्यांचे स्वागत करण्यास लोखंडे पुढे होते. विचारांनी दूर असलेल्या तरुण संपादकांसाठी त्यांनी जे केले, त्याची परतफेड कामगारांच्या बाबतीत झाली नाही. मँचेस्टरचा हेतू काय आहे हे मजुराने कशाला विचारावे, हा लोखंड्यांचा पक्ष. ज्याचा हात पट्ट्यात सापडला त्याला पट्टा देशी की विलायती हा प्रश्न पडत नाही. मला स्वतःला या वादात लोखंड्यांचा पक्ष बरोबर वाटतो, आणि तटस्थतेचा आव आणण्याची मला गरज वाटत नाही.

अर्जाची दाद तात्काळ लागली नाही. पुढची पाच वर्षे मी भराभर ओलांडतो. सभा, पुन्हा अर्ज, पुन्हा प्रतीक्षा. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली. सभेत स्त्रीने उभे राहणे हेच जेथे नवल, तेथे बायका बोलल्या त्या विश्रांतीच्या दिवसाविषयी. १० जून १८९० ला मालक-संघाने रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा तो आमचाच, असे लोखंड्यांनी सांगितले अशी आठवण परंपरेने चालत आलेली आहे. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या कारखाना-मंडळाच्या मुंबईतील कामात लोखंड्यांस स्थान मिळाले, आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती ही दोन्ही आली.

लोखंड्यांच्या ‘मिलहँड्स असोसिएशन’ या गिरणी कामगारांच्या संघटनेबद्दल १८९२ च्या सरकारी अहवालात असा शेरा आहे की, ही संघटित युनियन नव्हे, तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, श्रीयुत लोखंडे हे येईल त्या मजुराला सल्ला देतात, इतकेच. हा शेरा पुढच्या इतिहासकारांनी लोखंड्यांचे महत्त्व कमी करण्यासाठी वारंवार वापरला आहे. मला तो त्या अहवालातला उत्तम मजकूर वाटतो. सभासदांची यादीच नसताना मालकांना सूड उगवायला नावे कोठून मिळाली असती?

असो. अर्जाच्या पाच कलमांचे पुढे काय झाले, हा माझ्या दृष्टीने खरा इतिहास. पहिली दोन सात वर्षांत मिळाली. तिसऱ्याचा आधार सूर्य होता, आणि तोच डळमळीत निघाला: १९०५ च्या सुमारास स्वदेशीच्या तेजीत गिरण्यांत विजेचे दिवे लागले, सूर्यास्ताला अर्थ उरला नाही, आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कापड-गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचे तास बारावर बांधले गेले ते १९११ च्या कायद्याने. पाचव्या कलमाला, म्हणजे इजेच्या भरपाईला, कायद्याचे रूप १९२३ साली आले. आणि ते कोरडे चौथे कलम? पगार ठराविक तारखेच्या आत दिलाच पाहिजे असे सांगणारा कायदा १९३६ चा. लहान कारखान्यांना सात दिवसांची आणि हजार किंवा अधिक मजुरांच्या कारखान्यांना दहा दिवसांची मुदत. सुपारीबागेतील अर्जानंतर बावन्न वर्षांनी. धन्याला ज्याचा खर्च सर्वांत कमी ते आधी मिळाले, आणि ज्यात त्याची रोकड अडकली होती ते सर्वांत शेवटी. रविवारचा आपण उत्सव करतो, चौथ्या कलमाचे नावही घेत नाही.

वेळेवर पगार देणे हिशेबाच्या दृष्टीने अशक्य होते, असे मात्र कोणी समजू नये. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग दिसला, आणि काही महिन्यांत मुंबईतून लाखो माणसे गावाकडे पळाली. साचे चालवायला हात उरेनात. तेव्हा ज्या गिरण्यांस महिन्याच्या पगारासाठी पुढच्या महिन्याचे कितीतरी दिवस लागत, त्यांनीच मजुरांना रोजच्या रोज संध्याकाळी रोकड मोजायला सुरुवात केली. रस्त्याच्या नाक्यावर उभे राहून गिरण्यांचे लोक एकमेकांवर चढाओढीने बोली लावीत, आणि मजूर ज्याचा आकडा मोठा त्याच्याबरोबर जात. रावबहादूर लोखंडे त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वारले. साथ ओसरली, कोकणच्या बोटी पुन्हा भरून येऊ लागल्या, नाक्यावरच्या बोली बंद पडल्या, आणि गिरण्यांनी रोजचा पगार मोडून महिन्याचा हिशेब व त्यापुढची थकबाकी पूर्ववत सुरू केली.