गॅरेजच्या नोंदी काँप्युटरबाहेर काढताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापुरातून गारगोटी रोडला लागून कळंब्याकडे निघालं की दुचाकी-चारचाकीची गॅरेजं दिसतात. जॉब कार्डाचं पुस्तक अजून अनेकांकडे आहे, पण बिल आता काउंटरवरच्या काँप्युटरवर निघतं आणि त्यासोबत गाडीचा इतिहासही तिथंच साठत जातो : ऑइल कधी बदललं, तेव्हा किलोमीटर किती होते, ब्रेक पॅड कधी टाकले. हा इतिहास बाहेर काढायची वेळ येते ती सॉफ्टवेअर बदलताना, सीएला हिशेब देताना, नाहीतर मशीन बंद पडल्यावर. ऐकीव समजुती नडतात त्या नेमक्या तेव्हा.

गैरसमज : डेटा सॉफ्टवेअर कंपनीचा, तो आपल्या हाती लागत नसतो.

प्रोग्रॅम कंपनीचा असतो; नोंदी तुमच्या धंद्याच्या. जीएसटी नोंदणी असलेल्या गॅरेजला बिलं आणि हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२३-२४ साठी ती मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाच्या नोंदी ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी हव्यात. जीएसटी नियमांतला ५७ वा नियम आणखी पुढे जातो : अपघातानं किंवा नैसर्गिक कारणानं नोंदी गेल्या तरी वाजवी वेळेत परत उभ्या करता येतील असा बॅकअप असला पाहिजे. २०१९ आणि २०२१ चा पूर सोसलेल्या जिल्ह्याला याचं महत्त्व पटवून द्यायची गरज नाही. ही जबाबदारी नोंदणीधारकावर आहे, सॉफ्टवेअर विकणाऱ्यावर नाही. म्हणून पैसे भरण्याआधीच विचारा : सगळ्या नोंदी सीएसव्ही किंवा एक्सेलमध्ये निघतात का, आणि वर्गणी संपल्यावरही निघतात का? उत्तर लेखी घ्या.

गैरसमज : पीडीएफ काढली, काम झालं.

पीडीएफ वाचायला आणि छापायला ठीक. पण गेल्या सहा महिन्यांत न आलेल्या गाड्या त्यातून निवडता येत नाहीत, नव्या सॉफ्टवेअरमध्येही ती सरळ भरता येत नाही. त्यासाठी सीएसव्ही लागते : एका ओळीत एक नोंद, रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम, इतकी साधी फाइल.

गैरसमज : फाइल उघडल्यावर एक्सेलमध्ये दिसतं तेच फाइलमध्ये असतं.

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीनं होतं. सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की एक्सेल प्रत्येक रकान्याचा स्वतःच अर्थ लावतं. गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे वेगळ्या रकान्यात असले तर ००४७ चा ४७ होतो. बॅटरीचा सिरियल नंबर पंधरा आकड्यांहून लांब असला तर पंधराव्यानंतरच्या आकड्यांच्या जागी शून्यं येतात. मग कोणी सवयीनं सेव्ह दाबलं की खरा नंबर त्या फाइलमधून गेला आणि वॉरंटीचा दावा अडकला.

तारखांची गत आणखी वाईट. ५ मार्च ही ०५/०३/२०२४ अशी लिहिलेली असते. काँप्युटरची सेटिंग अमेरिकी असेल तर ती ३ मे होते. २५/०३/२०२४ ला मात्र पंचविसावा महिनाच नसल्यानं ती साधा मजकूर म्हणून पडून राहते. अर्ध्या तारखा उलटलेल्या, अर्ध्या गोठलेल्या, आणि त्यांच्यावरून सर्व्हिसच्या आठवणीचे मेसेज जाणार! उपाय सोपा आहे. मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिची प्रत करायची. एक्सेलमधल्या ‘डेटा’ टॅबमधून ती आत घ्यायची आणि नंबर, मोबाइल, तारीख हे रकाने ‘टेक्स्ट’ ठेवायचे. सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर तारीख २०२४-०३-०५ अशी, वर्ष आधी घेऊन काढावी. मग घोळाला जागाच राहत नाही.

पत्त्याचंही तसंच. ‘कळंबा, ता. करवीर, जि. कोल्हापूर’ यात दोन स्वल्पविराम आहेत. सॉफ्टवेअरनं पत्ता अवतरणचिन्हांत ठेवला नसेल तर तालुका मोबाइलच्या रकान्यात जाऊन बसतो. त्यात कोणी कळंबा लिहितं, कोणी कळंबे, कोणी कागदोपत्री नाव ‘कळंबे तर्फ ठाणे’. गावावरून ग्राहक मोजायचे तर आधी ही नावं एकसारखी करावी लागतात.

गैरसमज : मराठी नावं एक्स्पोर्टमध्ये उडतात, म्हणून इंग्रजीतच लिहावं.

मराठी टिकते. नावांच्या जागी विचित्र अक्षरं आली तर बहुधा फाइल यूटीएफ-८ मध्ये असते आणि एक्सेल ती दुसऱ्याच पद्धतीनं वाचत असतं. आत घेताना ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडलं की नावं जशीच्या तशी दिसतात. फाइलमध्येच प्रश्नचिन्हं असतील तर मात्र चूक एक्स्पोर्टची. ती पुन्हा काढून घ्या. जुन्या नोंदी युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केल्या असतील तर नावं इंग्रजी अक्षरांचा गुंता बनून बाहेर येतात. त्यांना कन्व्हर्टर लावावा लागतो आणि नंतर नजरेखालून घालावं लागतं, कारण जोडाक्षरं हटकून चुकतात.

गैरसमज : एक फाइल काढली म्हणजे बॅकअप झाला.

ग्राहक, गाड्या, जॉब कार्डं, पार्ट आणि लेबर हे बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळ्या तक्त्यांत असतं आणि जॉब कार्ड नंबरासारख्या नंबरांनी जोडलेलं असतं. नुसता बिलांचा रिपोर्ट काढला तर रक्कम मिळते, पण त्या बिलात क्लच प्लेट होती की नाही हे कळत नाही. सगळे तक्ते काढा, जोडणारा नंबर प्रत्येकात आहे का ते पाहा, आणि सॉफ्टवेअरचा स्वतःचा बॅकअपही वेगळा ठेवा.

गैरसमज : आरटीओकडे सगळं असतंच.

‘वाहन’ प्रणालीत नोंदणी, कर, विमा, फिटनेस, पीयूसी असतं. ऑइल कधी बदललं ते नसतं. जुनी गाडी घेणाऱ्याला मीटर मागे फिरवलाय का हे ओळखायला सर्व्हिसच्या वेळची किलोमीटरची नोंद फार उपयोगी पडते, आणि छोट्या गॅरेजची ती नोंद गॅरेजच्याच काँप्युटरवर असते.

गाडीमालकानं स्वतःच्या गाडीची नोंद मागितली तर जरूर द्या, पण त्याच गाडीपुरती. अख्खी फाइल व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. तिच्यात शेकडो लोकांची नावं, पत्ते आणि मोबाइल नंबर असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अशी माहिती जपण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे, धंदा कितीही छोटा असो. सीएला फक्त हिशेब हवा असेल तर मोबाइलचा रकाना काढून फाइल पाठवा.