नॉब एक घर पुढे

रायपूरच्या गोल बाजारात लग्नाच्या खरेदीला आलेलं कुटुंब मी लांबूनच ओळखायचो. पुढे मुलीची आई, हातात घडी घालून घालून मऊ पडलेली यादी. तिच्यामागे भांड्यांच्या पिशव्या सावरणारा मामा. आणि सगळ्यात मागे रेंगाळणारा एक धाकटा भाऊ. भांडी, बांगड्या, हळदीकुंकवाची दुकानं सोडून त्याची नजर आमच्या काचेवर खिळलेली असायची. यादीतलं सगळं उरकलं आणि पैसे शिल्लक राहिले, तर शेवटची खरेदी आमच्याकडे व्हायची. ‘भैया, अच्छा वाला स्टिरिओ दिखाओ. बजेट ज़्यादा नहीं है.’

मालवीय रोडवरून गोल बाजारात शिरणाऱ्या एका गल्लीत आमचं स्टिरिओचं दुकान होतं. १९८६ साली मी तिथे लागलो तो मागच्या टेबलावर, सोल्डरिंगच्या कामाला. चारेक वर्षांनी काउंटरवर आलो. दुकान बंद होऊन बराच काळ झाला आणि मालकही आता नाहीत. काउंटरच्या आत काय चालायचं ते आज सांगितलं तर कुणाचं नुकसान होणार नाही. झाला तर फायदाच होईल, कारण हे प्रकार अजून चालू आहेत.

दुकानात भिंतीवर एक लाकडी फळी होती, तिच्यावर सहा खटके. एकाच अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकरच्या सहा जोड्या जोडलेल्या. खटका दाबला की गाणं या जोडीतून त्या जोडीत जायचं. ग्राहकाला वाटायचं, याहून न्यायाची तुलना कोणती? गाणं तेच, अ‍ॅम्प्लिफायर तोच, बसायची खुर्चीही तीच. काउंटरवर आलो त्याच आठवड्यात मालकांनी मला जवळ बोलावून सांगितलं, ‘ज्या जोडीत आपल्याला जास्त सुटतं, तिचा खटका दाबताना दुसरा हात नॉबवर ठेवायचा. एक घर पुढे. जास्त नाही.’

एका घराने काय होतं, हे मी पुढे शेकडो वेळा पाहिलं. आवाज वाढला असं कुणीच म्हणत नसे. ‘हा जास्त स्वच्छ आहे’, ‘याचा बेस भरदार आहे’, ‘गाणारा जवळ आल्यासारखा वाटतो’ असंच म्हणत. आपल्या कानाची घडणच तशी आहे. आवाज लहान असला की अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर कानाला कमी ऐकू येतात. आवाज जरा मोठा केला की ते वर येतात आणि गाणं भरल्यासारखं वाटतं. बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी हे १९३३ सालीच मोजून प्रसिद्ध केलं होतं. आमच्या मालकांनी ती नावं कधी ऐकली नसतील, पण त्यांच्या बोटांना ते पक्कं माहीत होतं.

आणि समजा नॉबला हातच लावला नाही, तरी ती फळी प्रामाणिक नव्हती. प्रत्येक स्पीकरची एक संवेदनशीलता असते: एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, हा तो आकडा. एकाचा ८६ असेल आणि दुसऱ्याचा ८९, तर पहिल्यातून तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॅट लागतात. म्हणजे नॉब जागच्या जागी असताना ८९ वाला आपसूक मोठा वाजतो आणि आपसूक जिंकतो. तो चांगला आहे म्हणून जिंकला, असं समजून लोक तो घरी घेऊन जात.

हे सगळं माझ्यादेखत एकाच व्यक्तीने पकडलं.

चौबे कॉलनीत राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या संगीताच्या बाई होत्या. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांची गाणी बसवायच्या, त्यामुळे मी त्यांना ओळखत होतो. एके दिवशी सकाळी दहाला, मी शटर वर करत असतानाच त्या येऊन उभ्या राहिल्या. म्हटलं, ‘बाई, एवढ्या लवकर?’ म्हणाल्या, ‘अरे, अकरानंतर तुमच्या बाजारात मला माझं बोलणं ऐकू येत नाही, तानपुरा काय ऐकू येणार?’

त्यांनी पिशवीतून कॅसेट काढली. तिच्यावर कुठल्याही कंपनीचं नाव नव्हतं. एका बाजूला त्यांच्या स्वतःच्या तानपुऱ्याची दहा मिनिटं होती. दुसऱ्या बाजूला त्यांची सात वर्षांची नात शाळेच्या पुस्तकातला धडा वाचत होती. बस, एवढंच. मी सवयीने पहिला खटका दाबला, मग मालकांच्या लाडक्या जोडीचा, आणि डावा हात नॉबवर गेला. डोळे मिटलेलेच ठेवून बाई म्हणाल्या, ‘बाळा, तो हात खाली घे.’

त्या दिवशी माझे कान गरम झाले ते आजही आठवतं.

मग पाऊण तास त्यांनी माझ्याकडून काम करून घेतलं. खटका बदलला की आधी आवाज सारखा करायचा: ‘मोठा लागतोय, कमी कर... अजून... हां, आता बरोबर.’ मगच ऐकायचं. तानपुऱ्याच्या तारांखाली घोडीवर दोरा सरकवून जवारी काढलेली असते. तार छेडली की त्या एका सुरातून अनेक बारीक सूर उमलतात आणि हळूहळू विरतात. ज्या स्पीकरचा ट्विटर (वरचे सूर काढणारा छोटा भाग) कच्चा, त्यावर ही जवारी सुईसारखी टोचते. ज्याचे मधले सूर गढूळ, त्यावर चारही तारांचा एकच गोळा होतो. सहा जोड्यांपैकी दोनच जोड्यांवर चार तारा वेगळ्या मोजता आल्या. मग नातीचा आवाज लावला. मालकांच्या लाडक्या जोडीवर ती मुलगी तोंडात लाडू धरून वाचत असल्यासारखी वाटली. दुसऱ्या एका जोडीवर ती दोन्ही डब्यांच्या बरोबर मधोमध उभी राहून वाचत होती.

बाईंनी ती घेतली. किमतीने ती सहांत खालून दुसरी होती. मालक दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनात अकूस्टिक रिसर्च नावाच्या कंपनीची एक खोली असायची, हे मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं. कोणीही आत यावं, बसावं, हवं तितका वेळ स्पीकर ऐकावेत आणि उठून आपल्या गाडीला जावं. तिथे विक्री होतच नसे. ही कंपनी एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ साली काढली. पूर्ण बंद डब्यातल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान स्पीकरमधून खोल बेस काढायची युक्ती व्हिल्चरची. आज घरात शेल्फवर मावणारे स्पीकर मिळतात त्यामागे त्या कामाचा मोठा वाटा आहे. ते वाचलं तेव्हा मला आमची सहा खटक्यांची फळी आठवली. ऐकणं आणि विकणं एकाच खोलीत आलं की काय होतं, ते मी रोज पाहत होतो.

डोळेसुद्धा फसवतात. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन कंपनीत तेच स्पीकर पडद्याआड ठेवूनही ऐकवले आणि समोर ठेवूनही. ऐकणारे कंपनीतलेच लोक होते. स्पीकर दिसत असले की त्यांनी दिलेले गुण बदलत. मोठा, देखणा डबा वर चढला आणि छोटा खाली गेला. आमच्याकडे सागवानी रंगाची, पुढे सोनेरी पट्टी असलेली एक जोडी होती. आत साधा कागदी कोन आणि पावशेराचा मॅग्नेट. ती पट्टीवरच खपायची.

नव्वदीत वॅटचं वेड आलं. खोक्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात ‘१२०० वॅट पीएमपीओ’. ते कसं मोजायचं याचं कुठलंही ठरलेलं मानक नव्हतं. ज्याला जो आकडा शोभेल तो त्याने छापला. मागच्या टेबलावर आम्ही तसे सेट उघडायचो. आत १२ व्होल्ट, २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. बारा दुणे चोवीस. भिंतीतून चोवीस वॅट घेणारं यंत्र बाराशे वॅट सतत बाहेर देऊ शकत नाही, हा हिशेब पाचवीतल्या मुलालाही करता येतो. आजही सेटच्या मागचं किंवा अ‍ॅडॉप्टरवरचं लेबल वाचा आणि व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार करा. खरी ताकद त्याहून कमीच असणार. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, असं लिहिलेला आकडा असेल तरच त्याकडे बघा. आणि खरं सांगू? दहा बाय बाराच्या खोलीत बसून गाणं ऐकताना बहुतेक वेळ एक वॅटसुद्धा खर्च होत नाही. वीस-तीस वॅट असले की बैठकीच्या खोलीला पुष्कळ झालं.

तक्रारी यायच्या तेव्हा मी सायकलवर ग्राहकाच्या घरी जायचो. तिथे माझं खरं शिक्षण झालं. तात्यापारातलं एक घर आठवतं, भोसल्यांच्या काळापासून रायपुरात स्थायिक झालेलं कुटुंब. ‘दुकानात वाजत होता तसा घरी वाजत नाही, नुसता धमधम करतो’ अशी तक्रार. जाऊन पाहिलं तर दोन्ही स्पीकर खोलीच्या कोपऱ्यांत, लोखंडी कपाटांवर, छताला टेकायचे बाकी. खाली मोझेकची फरशी, चारही बाजूंना सिमेंटच्या उघड्या भिंती. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचे खालचे सूर भिंती फुगवतात, आणि उघडी फरशी वरचे सूर परत फेकते. आम्ही दोन लाकडी स्टुलं आणली, स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घेतले, ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणला, फरशीवर सतरंजी टाकली. अर्ध्या तासात तक्रार संपली. खर्च शून्य.

दुसऱ्या एका घरात गाणारा कुठून गातोय हेच कळत नव्हतं आणि बेस तर गायबच होता. एका स्पीकरची लाल आणि काळी वायर उलटी जोडली होती. एकाचा कोन पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघं मिळून खालचे सूर खाऊन टाकतात. खिशात नेहमी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल ठेवायचो. अ‍ॅम्प्लिफायरची वायर सोडवून सेलचं अधिक टोक लाल खुणेला, उणे काळ्या खुणेला क्षणभर टेकवायचं; वूफर (खालच्या सुरांचा मोठा कोन) पुढे उचलला तर खुणा बरोबर आहेत. जुनी जोडी विकत घेतानाही हीच परीक्षा करा. शिवाय कोन दोन्ही अंगठ्यांनी सारखा, अलगद आत दाबा. खर्रकन घासल्याचा आवाज आला तर कॉइल गेली. आणि कडेची रिंग फोमची आहे की रबराची ते बघा. फोम दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जाणाऱ्या आमच्या गावात त्याहीआधी. रिंग बदलून मिळते. फक्त तो खर्च किमतीत धरा.

भाचे-पुतणे अजून विचारतात, काका, तीस हजार आहेत, काय घेऊ? मी सांगतो, निम्म्याहून जास्त स्पीकरवर घाल, कारण घरात शेवटी ऐकू येतात ते स्पीकर. अ‍ॅम्प्लिफायर वापरलेला, तपासून घेतलेला चालेल. गाणी फोनवर आहेतच. स्पीकरसाठी महागडी वायर घेऊ नकोस. पाच मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी लवचीक वायर पुरते. पाच-साडेसहा इंची वूफरची शेल्फवरची जोडी लहान खोलीला भरपूर आहे. लहान डबा, खोल बेस आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एका स्पीकरात मावत नाहीत. अँटन हॉफमन यांनी मांडलेला हा नियम अजून कुणाला मोडता आलेला नाही. तिन्ही देतो म्हणणारा दुकानदार तुमच्याशी खरं बोलत नाही.

बाईंनी घेतलेली जोडी त्यांच्या नातीकडे आहे. दोन वर्षांपूर्वी जोडीच्या रिंगा मी बदलून दिल्या. काम झाल्यावर, मी काही न सांगताच, नातीने फोनवरून तानपुरा लावला.

तुम्ही स्पीकर घ्यायला निघाल तेव्हा बाजार भरायच्या आत, दुकान उघडल्या उघडल्या जा. घरातल्या एखाद्या माणसाचा, रोज कानावर पडणारा आवाज फोनवर नोंदवून न्या, आणि एखादा तानपुरा. जोडी बदलली की आधी आवाज सारखा करायला सांगा. दुकानदाराचा हात नॉबवर दिसला तर त्याला तो खाली घ्यायला सांगा, बाईंनी मला सांगितला तसा.