तुकाराम एकट्याने पाहायचा नसतो

'संत तुकाराम' हा सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तुकड्यातुकड्यांत पाहिलेला असतो. मोबाईलवर एखादं गाणं, वर्गात एखादा प्रसंग, आणि उरलेला भाग परीक्षेच्या आदल्या रात्री दुप्पट वेगाने. घरबसल्या दिसतो, तर थिएटरात कशाला जायचं, असं कोणी विचारलं तर प्रश्न रास्तच आहे. माझं उत्तर असं की हा सिनेमा गर्दीसाठी घडवलेला आहे आणि त्याचा अर्धा अर्थ गर्दीत बसल्यावरच कळतो.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने तो १९३६ साली काढला. दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जे संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत असत. जिजाईच्या भूमिकेत गौरी. मुंबईत हा बोलपट वर्षाहून जास्त काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची दखल घेतली गेली.

त्या काळचा प्रेक्षक थिएटरात आला तो कीर्तनातून आणि संगीत नाटकातून. कीर्तनात टाळी धरायची आणि नाटकात पद आवडलं की 'वन्स मोअर' द्यायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. गोव्यात हे वेगळं समजवायला नको. तियात्रात कांतार रंगलं की प्रेक्षक ते पुन्हा म्हणायला लावतात, हे आपण लहानपणापासून बघतो. केशवराव भोळ्यांचं संगीत अशाच कानांसाठी होतं. त्यातला एक अभंग शांताराम आठवल्यांनी इतका बेमालूम लिहिला की कित्येकांना तो तुकोबांचाच वाटला.

पण खरी गंमत जिजाईत आहे. तुकाराम विठ्ठलाच्या नामात रंगलेला आणि घरात धान्य नाही. तिचा सगळा राग त्या 'काळ्या'वर. मूल आजारी पडतं तेव्हा ती हातात वहाण घेऊन सरळ देवळात जाते आणि देवालाच जाब विचारते. सिनेमा तिला वेडी ठरवत नाही की पापी ठरवत नाही. चूल पेटवायची कोणी, हा तिचा प्रश्न शेवटपर्यंत जिवंत राहतो. तुकाराम वैकुंठाला जातो, ती मात्र पृथ्वीवरच राहते.

हा प्रसंग मी आधी लॅपटॉपवर पाहिला होता. तेव्हा फक्त हसू आलं. पुढे एका फिल्म सोसायटीने तो मोठ्या पडद्यावर दाखवला. देवळातल्या प्रसंगाला सगळं सभागृह खळखळून हसलं, पण माझ्या शेजारच्या आजींनी हात जोडले होते, आणि त्या हसतही होत्या! मी ख्रिस्ती घरातला, विठ्ठलापुढे हात जोडायची सवय मला नाही. तरी त्या अंधारात मला परकं वाटलं नाही, कारण सिनेमातच दोघांनाही जागा आहे. भक्ती करणाऱ्याला तुकाराम आहे आणि कुरकुर करणाऱ्याला जिजाई. एकट्याने पाहिलं की आपण यातली एक बाजू धरून बसतो. शेजारी कोणी असलं की दुसरी बाजूही ऐकू येते.

शिवाय थिएटरात सिनेमा थांबवता येत नाही आणि पुढेही ढकलता येत नाही. जुन्या सिनेमाची संथ चाल मोबाईलवर कंटाळवाणी वाटते. तीच चाल सगळे मिळून सोसू लागले की तिची लय सापडते. आधी खोकणं थांबतं, मग कुजबुज थांबते आणि अभंग नुसता ऐकू येत नाही, तो आपल्याला धरून ठेवतो.

एकपडदा थिएटरं एकेक करून बंद होत आहेत. जुने सिनेमे वाचवणं म्हणजे रिळं जपणं, हे खरंच. पण ती एकत्र बसून पाहणारी माणसं संपली तर जपलेली रिळं नुसत्या अभ्यासाच्या नोट्स होतील. म्हणून मंडळाला माझी साधी सूचना आहे. वर्षातून एकदा कॉलेजच्या सभागृहात पडदा लावू या. दिवे बंद, फोन बंद, मध्ये भाषण नाही. ज्यांना तुकाराम माहीतच नाही, त्यांना मुद्दाम शेजारी बसवू या. चर्चा नंतर कँटीनमध्ये होईलच.