लाल पाय, दोन दुखणी

मराठवाड्यातल्या सास्तूरच्या शिवारात पाय सुजायला फार मोठं कारण लागत नाही. ज्वारी काढलेल्या रानातलं धसकट तळव्यात घुसतं. पावसाळ्यात सोयाबीनच्या चिखलात राबून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तेवढ्या फटीतून जंतू शिरतात आणि पाय लाल, गरम, टणक होतो. हा सेल्युलायटिस. गाऊटचा पायही असाच लाल दिसतो. त्यात रक्तातलं युरिक ॲसिड वाढून त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात आणि रात्रीतून अंगठा असा ठणकतो की पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही.

आपल्याकडच्या वैद्यांना हा फरक फार पूर्वीच जाणवला होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात विसर्प (सेल्युलायटिससारखं दुखणं) आणि वातरक्त (गाऊटसारखं) यांना स्वतंत्र अध्याय आहेत. 1848 मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेलं दाखवलं. 1961 मध्ये सांध्यातल्या पाण्यातले स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येऊ लागले. पुढे 1966 मध्ये युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल बाजारात आलं. जंतुसंसर्गासाठी तोवर पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागलं होतं. औषधं आली, पण ती गावात पोचायला वेळ लागला. मोठं दुखणं म्हटलं की उमरगा, लातूर नाहीतर सोलापूर गाठायचं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींखाली किल्लारी-सास्तूर भागातली हजारो माणसं गेली. वाचलेल्यांच्या जखमांत माती भरलेली होती. त्या दिवसांनी या भागाला दवाखाना जवळ असण्याची किंमत शिकवली. आज सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे, ही मला या सगळ्या काळातली मोठी मिळकत वाटते.

पण निदान अजूनही हातानं आणि कानानंच सुरू होतं. दुखणं रात्रीतून भडकलं की दोन-तीन दिवसांत वर चढलं? "आबा, बोटं फाकवा," म्हणून बेचक्यात पाहिलं, तर पांढरी, भिजट, फाटलेली कातडी दिसते. जंतूंची वाट बहुधा तीच. मग अंगठ्याचा सांधा हळूच हलवून बघायचा. गाऊटमध्ये रुग्ण तो जरासाही हलवू देत नाही. सेल्युलायटिसमध्ये कातडी दुखते, सांधा बऱ्याचदा हलतो. तापासोबत सांधाच भरून आला असेल, तर सांध्यातच पू झाल्याची शंका घेऊन सुईनं पाणी काढून तपासणंच शहाणपणाचं. नुसत्या रक्ताच्या कागदावर भरवसा ठेवणं मला मुळीच पटत नाही. गाऊटच्या ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, आणि ते वाढलेलं असतानाही पाय सेल्युलायटिसनं सुजलेला असू शकतो.

उपचारात चूक झाली तर माणूस भोगतो. गाऊट समजून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि आत जंतू असले, तर संसर्ग पसरू शकतो. उलट गाऊटला अँटिबायोटिकचे डोस चालू राहतात, आणि वर रोज वेदनाशामक गोळ्या खाऊन किडनीला त्रास होतो, तो वेगळाच. गाऊटच्या झटक्यावरचं कोल्चिसिन पूर्वी जुलाब होईपर्यंत द्यायचे. 2010 च्या चाचणीत थोड्या मात्रेनंही तेवढाच आराम पडतो आणि जुलाब कमी होतात, असं दिसलं. ॲलोप्युरिनॉल मात्र झटका उतरल्यावर सोडून द्यायचं औषध नव्हे. ते थोड्यापासून वाढवत नेऊन रक्तातलं युरिक ॲसिड डेसिलिटरमागे 6 मिलिग्रॅमच्या खाली ठेवायचं असतं. बरं वाटलं की गोळी बंद, ही सवय मोडणं सगळ्यात अवघड.

सेल्युलायटिसला अँटिबायोटिक, पाय उशीवर उंच, आणि लालीच्या कडेनं पेनाची रेघ. औषध सुरू होऊन दोन दिवस झाल्यावरही लाली रेघेबाहेर पसरतच असेल, किंवा ताप, काळपट कातडी, असह्य वेदना असतील, तर घरी थांबू नये. मधुमेह असेल तर मुळीच नाही. चिखल्यांवर बुरशीवरचं मलम लावून बेचकी कोरडी राखली नाही, तर पुढच्या पावसाळ्यात तोच पाय पुन्हा सुजू शकतो.