बोटे पांढरी पडतात? रक्त तपासून घ्या



थंडीत पहाटे उसाला पाणी धरताना किंवा गार पाण्यात भांडी घासताना काहींची बोटे एकाएकी पांढरीफटक पडतात, मग निळी होतात आणि ऊब मिळताच लाल होऊन ठणकतात. फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनो यांनी १८६२ साली या विकाराचे वर्णन केले. बहुतेकांच्या बाबतीत थंडीने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, एवढेच असते. त्यात भिण्याचे कारण नाही.

परंतु थोड्यांच्या बाबतीत ही स्क्लेरोडर्मा रोगाची पहिली खूण असते. या रोगात कातडी जाड व घट्ट होते. फुप्फुसे, मूत्रपिंडे व हृदयही दुखावते. त्याआधी कधी कधी वर्षानुवर्षे नुसती बोटेच पांढरी पडत असतात. रोग ओळखण्याची खरी वेळ तीच.

हे ओळखायचे कसे? पाटाचा आतला गिलावा सुटू लागला की खालचे पाणी गढूळ येते. तसेच रक्तवाहिनीचे अस्तर दुखावले की ‘वॉन विलेब्रँड फॅक्टर’ हे प्रथिन रक्तात वाढते. मात्र ते जंतुसंसर्गात आणि गरोदरपणातही वाढते. त्यामुळे एकट्या त्यावरून निदान होत नाही. निदानासाठी डॉक्टर प्रथम ‘ए.एन.ए.’ तपासणी करतात. स्क्लेरोडर्माच्या दहातील नऊहून अधिक रोग्यांत ती होकारार्थी येते. पण काही निरोगी माणसांतही येते. म्हणून पुढे ‘सेंट्रोमिअर’ व ‘एस.सी.एल.-७०’ यांविरुद्धची प्रतिद्रव्ये पाहतात. पहिले आढळल्यास फुप्फुसातील रक्तदाबावर, दुसरे आढळल्यास फुप्फुस कठीण होण्यावर विशेष लक्ष ठेवावे लागते. नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्याही भिंगातून पाहतात. २०१३ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय कसोट्यांत या दोन्ही गोष्टींना स्थान आहे.

रोग ठरल्यावरही रक्ताची तपासणी चालूच राहते. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांची, तर ‘एन.टी.-प्रोबीएनपी’वरून हृदयावरील ताणाची कल्पना येते. रक्तदाबही वरचेवर मोजावा. तो एकाएकी चढला तर मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. पूर्वी यातून फार थोडे रोगी वाचत. १९८० च्या सुमारास नवी रक्तदाबाची औषधे आली आणि अनेकांचे प्राण वाचू लागले. स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेने हा धोका वाढतो. म्हणून ‘सांधे दुखतात’ म्हणून कोणी दिलेल्या गोळ्या परस्पर घेऊ नका, असे आम्ही कळकळीने सांगतो.

पुढीलपैकी काही दिसल्यास डॉक्टरांकडे जा :

१. तिशीनंतर प्रथमच बोटे पांढरी पडू लागणे.
२. बोटे सुजणे, कातडी ताठरणे.
३. बोटांच्या टोकांना जखमा होणे.
४. चालताना दम लागणे, घास अडकणे.

तोवर हातमोजे वापरावेत, अंगही उबदार ठेवावे. बधिर बोटे विस्तवावर शेकू नयेत. भाजलेले कळत नाही. कोमट पाणी बरे. विडी-तंबाखूने रक्तवाहिन्या अधिकच आवळतात, ती सोडावीच.

घरातील बाई ‘थंडीच बाधली असेल’ म्हणून वर्षे काढते. तिची बोटे एकदा आपणहून पाहा आणि गरज वाटल्यास तिला दवाखान्यात घेऊन जा.