उभ्या पंपात अडकणारी वाफ

आपल्या शिवारात पडणारा युरिया अमोनियापासून बनतो. महाराष्ट्रात हे काम राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या ट्रॉम्बे आणि अलिबागजवळच्या थळ कारखान्यांत चालतं. साध्या वातावरणाच्या दाबाला अमोनिया उणे ३३ अंशांवरच उकळतो, म्हणून तो अतिशय थंड किंवा दाबाखाली ठेवावा लागतो. असे द्रव उचलण्यासाठी रासायनिक कारखान्यांत बऱ्याचदा जमिनीत उतरवलेल्या बंद नळकांड्यातले उभे पंप वापरतात. गावाकडची मुलं आयटीआय करून अशा ठिकाणी ऑपरेटर म्हणून लागतात. या पंपांबद्दलचे काही गैरसमज त्यांच्या जिवावर बेतू शकतात.

गैरसमज : जागा वाचावी म्हणून पंप उभा.
खरं कारण वेगळं आहे. उकळीच्या काठावरच्या द्रवाचा दाब जरा घटला तरी त्याची वाफ होते, आणि इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, तोंडाशी दाब घटतोच. पहिला इंपेलर खोल ठेवला की वरच्या द्रवाचा भार मिळतो.

गैरसमज : इंपेलर बुडालेला आहे, मग वाफ धरणारच नाही.
बोअरच्या पाणबुडी मोटारीवरून हा समज होतो. पण बोअरमधलं पाणी उकळीला टेकलेलं नसतं, आणि बोअर वरून बंद नसतो. इथं बाहेरची उष्णता नळकांड्यात झिरपत राहते, बुडबुडे वर चढतात आणि झाकणाखाली साठतात. फिरत्या दांड्याभोवतीची गळती रोखणारं मेकॅनिकल सील नेमकं तिथंच असतं. त्याच्या घासणाऱ्या दोन पृष्ठांमध्ये द्रवाचा पातळ थर लागतो. तिथं वाफ भरली की पृष्ठं कोरडी घासतात, तापतात, आणि गळती सुरू होते. साठा वाढतच गेला तर द्रवाची पातळी इंपेलरपर्यंत खाली जाते आणि पंप माल उचलणं सोडतो.

उपाय वाफ काढून नेणाऱ्या व्हेंट लाइनचा. ती पंपाच्या सर्वांत वरच्या जागेतून निघून, ज्या टाकीतून द्रव येतो तिच्याच वाफेच्या भागात, पातळीच्या वर, जोडलेली हवी. वाटेत ती सतत चढती हवी. मध्ये कुठं झोळ पडला तर तिथं द्रव साचतो आणि वाफेची वाट बंद होते. कागदावर बरोबर असलेली लाइन प्रत्यक्ष जोडणीत इथंच फसते, म्हणून ती स्वतः चालत जाऊन पाहावी.

गैरसमज : गेजवर दाब आहे, म्हणजे पंप भरलाय.
हा मला सर्वांत घातक वाटतो. अशाच दुसऱ्या द्रवाचं, प्रोपेनचं, उदाहरण घ्या. ३० अंशांना टाकीतल्या प्रोपेनचा दाब साधारण १० बार असतो. तिला जोडलेल्या पंपात द्रव असो की नुसती वाफ, काटा जवळपास तेवढाच दाखवतो.

गैरसमज : कॉक उघडून वाफ हवेत सोडली की झालं.
प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट जड. ती खड्ड्यात, गटारात साचते आणि दूरच्या ठिणगीनंही पेटते. अमोनिया विषारी आहे. वाफ टाकीत परत जावी. ते शक्य नसेल तर फ्लेअरकडे (वाफ जाळणारी चिमणी) किंवा स्क्रबरकडे (वाफ शोषून घेणारी यंत्रणा).

गैरसमज : पहिल्यांदा सुरू करताना एकदा व्हेंट केलं की पुरे.
थांबलेल्या पंपातही वाफ बनतच असते. म्हणून स्टँडबाय पंपाचे सक्शन आणि व्हेंट, दोन्ही व्हॉल्व उघडे ठेवतात. दुरुस्तीनंतर कोमट झालेल्या पंपात द्रव हळूहळू सोडून आधी तो थंड करावा, वाफ निघून जाऊ द्यावी, आणि मगच मोटार चालू करावी.